गोल घेराची दुमड: चुण्या आणि पीळ न येता कशी घालायची?

सुईदोरा

या मंचावरच्या शिवणकामाच्या मोठ्या धाग्यावर (म्हणजे चर्चेत) एक प्रश्न सारखा येतो. अंब्रेला कुर्ता किंवा गोल स्कर्ट शिवून होतो, कंबर-गळा छान बसतो आणि शेवटी खालची दुमड घातली की काठ बिघडतो. बारीक चुण्या येतात, इस्त्री फिरवली की तेवढ्यापुरत्या दबतात आणि पहिल्या धुण्यात परत उठतात. तिथल्या गर्दीत उत्तरं हरवतात, म्हणून हा वेगळा धागा.

आधी कारण बघू. कारण कळलं की कुठल्या कापडाला कुठली रीत लावायची ते आपलं आपल्याला सुचतं.

लहान मुलींच्या परकराला पूर्वी खाली चांगली चार इंची दुमड ठेवायचे. पोर वाढली की उसवून लांबी सोडायची. ती दुमड सपाट बसायची, कारण परकर म्हणजे सरळ कापड, कमरेत चुण्या घालून आवळलेलं. खालची कड आणि तिच्या चार इंच वरची रेघ, दोन्हींची लांबी एकच. गोल घेरात कड सगळ्यात लांब असते आणि वर जावं तशी लांबी कमी होत जाते. कड उचलून वर दुमडली की लांब कड आखूड रेघेवर बसवावी लागते. उरलेलं कापड कुठंतरी जाणारच. तेच चुणी होऊन दिसतं.

किती उरतं त्याचा हिशेब सोपा आहे. पूर्ण गोल घेर असेल तर दुमडीची रुंदी दुप्पट करून ६.२८ ने गुणायची. अर्ध्या इंचाच्या दुमडीला सव्वासहा इंच कापड जास्तीचं होतं, पाव इंचाच्या दुमडीला तीन इंचांहून थोडं वर, आणि एक इंची दुमड घालायला गेलात तर साडेबारा इंच. घेर लहान असो की मोठा, हा आकडा बदलत नाही. बदलते ती जागा, म्हणजे तेवढं कापड किती लांबीत जिरवायचं ते. कंबर २८ आणि लांबी ३६ इंच असलेल्या पूर्ण गोल स्कर्टचा खालचा घेर अडीचशे इंचांवर जातो. सव्वासहा इंच तिथं वाटले गेले की दर दहा इंचांना जेमतेम पाव इंच येतं. सुती कापडात तेवढं इस्त्रीनं जिरतं. पण शर्टासारखा गोल कोपरा घ्या, ३ इंच त्रिज्येचा. तिथं अर्ध्या इंचाच्या दुमडीत साडेपाच इंचांची कड चार इंचांहून कमी जागेत बसवायची असते. ती बसत नाही, कितीही टाचण्या लावा. तिथं दुमड बारीकच हवी, नाहीतर पट्टी लावायची.

म्हणून गोलाई जितकी आवळ, तितकी दुमड बारीक. माझ्या मते निम्मी दुखणी इथंच संपतात. सरळ कुर्त्याला एक इंच माया (दुमडीसाठी, शिवणीसाठी सोडलेलं कापड) ठेवायची सवय असते आणि हात तीच माया गोल घेरालाही ठेवतो.

आता रीत. सुती, केंब्रिक, रेयॉन, मलमल, पातळ सिल्क या सगळ्यांना चालणारी, साध्या काळ्या मशिनवरही जमणारी:

घेराला अर्धा इंच माया ठेवा. कडेपासून पाव इंचावर सगळ्या घेरभर एक टीप मारा. टाका नेहमीचा, अडीच मिलिमीटरच्या आसपास. ही टीप कड ताणू देत नाही आणि पुढं दुमडायची रेघही तीच होते. मग इस्त्रीजवळ जा. टीप उलट बाजूला किंचित वळेल अशी, टिपेवरच दुमड घाला आणि हातभर हातभर दाबत जा. इस्त्री सरकवायची नाही, उचलून ठेवायची. सरकवली की तिरक्या धाग्यावर (विणीच्या तिरकस दिशेनं) कापड ताणलंच. नंतर दुमडीच्या अगदी कडेला, एक सूत (इंचाचा आठवा भाग) आत, दुसरी टीप. आता उलट बाजूनं जास्तीचं कापड या दुसऱ्या टिपेच्या जवळून कातरायचं. लहान टोकदार कात्री घ्या, तिचं पातं कापडावर आडवं ठेवा आणि एका वेळी दोनच बोटं पुढं सरका. शेवटी ही बारीक कड पुन्हा एकदा वर वळवायची आणि तिसरी टीप आधीच्या टिपेवरच मारायची. सुलट बाजूला एक टीप दिसते, उलट बाजूला दोन. दुमड जेमतेम एक-दीड सूत रुंद होते. एवढ्याशा रुंदीत जिरवण्यासारखं काही उरतच नाही.

वेळ लागतो. तीन वेळा घेर फिरायचा म्हणजे अडीचशे इंच गुणिले तीन. पण उसवण्याचा वेळ यातून वजा होतो.

बाकी रीती प्रतिसादांत येऊ द्या. प्रश्नही इथंच विचारा.

रानजाई

ताई, हिशेब वाचून डोक्यात प्रकाश पडला. माझ्या रेयॉनच्या कुर्त्याला मात्र चुण्या नाहीत, उलट काठ लाटांसारखा वरखाली होतो. हे पण जास्तीच्या कापडामुळेच का?

सुईदोरा

नाही गं, हे वेगळं दुखणं. काठाकडे नीट बघितलं की तो स्वतः सांगतो काय झालंय. कडेच्या काटकोनात बारीक उभ्या चुण्या असतील, तर कापड जास्त होतंय, दुमड कमी कर. तुझ्यासारख्या लाटा असतील, तर शिवताना काठ ताणला गेलाय. रेयॉन तिरक्या धाग्यावर फार पटकन लांबतं. आणि दुमडीवर दोरीला असतो तसा तिरका पीळ असेल, तर खालचा थर मशिनच्या दात्यांनी पुढं नेला आणि वरचा फुटाखाली (कापड दाबून धरणाऱ्या पायाखाली) मागं राहिला.

लाटांना उपाय: फुटाचा दाब कमी कर. मशिनच्या डोक्यावरचा स्क्रू दोन-तीन फेरे सैल केला तरी फरक पडतो. घेराचं वजन मशिनवरून खाली लोंबकळू देऊ नकोस, मांडीवर किंवा शेजारच्या स्टुलावर घे. आणि मागून ओढायचं नाही. दाते कापड नेतात, आपण फक्त दिशा द्यायची. आता ताणलेला काठ उसवून, ओलसर कापड वर ठेवून वाफेची इस्त्री दाब. रेयॉन बऱ्यापैकी परत आकसतं.

पिळाला उपाय: आधी इस्त्री, मग धावदोऱ्याचा कच्चा टाका, मगच टीप. नुसत्या टाचण्यांनी पीळ थांबत नाही, कारण दोन टाचण्यांमधलं कापड सरकतंच.

काजबटण

आमचं घराणंच शर्टांचं, म्हणून गोल कोपऱ्याबद्दल लिहितो. शर्टाच्या खालच्या बाजूला दोन्ही अंगांना जो वर चढलेला भाग असतो, तिथं एकाच काठावर दोन उलट्या गोलाया असतात. पुढच्या-मागच्या भागाची शेपटी बाहेर फुगलेली आणि बाजूच्या शिवणीजवळ काठ आत वळलेला. फुगलेल्या जागी कापड जास्त होतं, आत वळलेल्या जागी कमी पडतं. दोन्हीकडे एकच हात चालत नाही.

आम्ही दोन गोष्टी करतो. एक, कापतानाच गोलाई थोडी उतरती ठेवायची. कागदावर फार सुंदर दिसणारा खोल वळसा शिवताना रडवतो. दुसरी, पहिली दुमड इस्त्रीनं पुठ्ठ्यावर बसवायची. लग्नपत्रिकेचा जाड कागद तयार काठाच्या मापानं कापून घ्या. त्याची कड म्हणजे तुमची दुमडायची रेघ. कापड उलट बाजू वर करून पसरा, पुठ्ठा वर ठेवा, माया त्याच्यावर वळवून वाफेनं दाबा. पुठ्ठा काढल्यावर दोन्ही बाजूंची गोलाई तंतोतंत सारखी येते. पाकिटाचे, म्हणजे पॅच खिशाचे गोल कोपरेही असेच करायचे. त्यात मात्र आधी मायेत मोठ्या टाक्याची टीप मारून बॉबिनचा दोरा हलका ओढायचा, म्हणजे माया पुठ्ठ्याभोवती वाटीसारखी बसते.

टीप मारताना मधून मधून, सुई कापडात असताना फूट उचलून कापड सोडा आणि पुन्हा ठेवा. वळणावर हे जास्त वेळा. साठलेला ताण निघून जातो.

टाचणी

सगळं मान्य, पण एवढा खटाटोप कशाला? घेर पूर्ण झाला की पिकोवाल्याकडे द्यायचा. दहा मिनिटांत काठ गुंडाळून मिळतो, चुण्यांचा प्रश्नच नाही. जॉर्जेटच्या अनारकलीला तर सगळे पिकोच करतात.

सुईदोरा

जॉर्जेट-शिफॉनला पिको मी पण करून घेते, त्यात कमीपणा काही नाही. पिकोत काठ एका सुताहून कमी रुंदीत गुंडाळला जातो, म्हणजे वरच्या हिशेबातलं जास्तीचं कापड जवळजवळ शून्य. म्हणून तो गोलाईवर छान बसतो. पण तीन ठिकाणी मी पिको टाळते. सुती कापड, कारण धुऊन धुऊन गुंडाळलेला काठ सुटतो आणि धाग्यांची झालर दिसायला लागते. तान्ह्या बाळाचे कपडे, कारण पिकोचा दोरा त्या कातडीला टोचतो. आणि खण किंवा इरकल. खणाचे कापलेल्या कडेचे धागे भराभर सुटतात आणि पिकोची पकड फार थोड्या धाग्यांवर असते.

आणखी एक. पिकोला देण्याआधी काठ कापून एकसारखा करून द्या. पिकोवाला काठ समपातळीत करून देत नाही. त्याच्याकडे जो येतो तोच तो गुंडाळतो.

टाचणी

खणाचं पटलं. माझ्या खणाच्या कुर्त्याचा पिको एका बाजूनं अख्खाच निघून आला होता. मग खणाला काय करतेस?

सुईदोरा

उरेब पट्टी, म्हणजे तिरक्या धाग्यावर कापलेली पट्टी. खणाचा पन्हा (कापडाची रुंदी) लहान असल्यानं कळ्या जोडूनच घेर करावा लागतो, जोड पुष्कळ येतात, आणि प्रत्येक जोडावर दुहेरी दुमड जाड होते. पट्टी लावली की ती जाडी टळते. पट्टीबद्दल कोणीतरी सविस्तर लिहा, नाहीतर रात्री मी लिहिते.

कोकणकडा

पट्टीचं मी लिहिते, तो माझा आवडता भाग.

पट्टी खरी पंचेचाळीस अंशांतच कापायची. कापडाचा कोपरा असा दुमडायचा की आडवा धागा उभ्या धाग्यावर येईल. जी तिरकी घडी पडते ती उरेब रेघ. अंदाजानं तिरकं कापलं तर पट्टी एकीकडे ताणते, एकीकडे नाही, आणि काठाला पीळ पडतो.

किती कापड लागेल? चौकोनाचं क्षेत्रफळ भागिले पट्टीची रुंदी. वरच्या अडीचशे इंचांच्या घेराला सव्वा इंच रुंद पट्टी हवी असेल तर २० इंचांचा चौकोन घ्यायचा. ४०० भागिले सव्वा म्हणजे ३२०, जोडांत आणि कोपऱ्यांत काही जाऊन तीनशेच्या आसपास हाती येते. ब्लाउजपीस उरलेला असेल तर त्यातच होतं. केंब्रिक किंवा मऊ पॉपलीन घ्या. कापड जाड असेल तर पट्टी त्याहून पातळच हवी.

बाहेर फुगलेल्या घेरासाठी पट्टीला शिवण्याआधी इस्त्रीनं वळण द्यायचं. वाफ देत, जी कड घेराच्या काठाला लागणार ती हातानं ताणत जायची आणि दुसरी आकसू द्यायची. पट्टी आपोआप गोल होते. मग सुलट बाजूला सुलट ठेवून पाव इंचावर टीप. पट्टी न ताणता, हलक्या हातानं बसवत जायची. मायेत इंचा-दीड इंचावर छोटे तिकोनी कातरे काढायचे, कारण उलटल्यावर तिथं कापड जास्त होणार आहे. माया पट्टीकडे वळवून पट्टीवरच, शिवणीला लागून, एक टीप मारा. ही टीप सुलट बाजूला दिसत नाही, पण तिच्यामुळे पट्टी आतच राहते, बाहेर डोकावत नाही. ही टीप बरेच जण गाळतात आणि मग पट्टी दिसते म्हणून तक्रार करतात. शेवटी पट्टी आत उलटून, वरची कड दुमडून हातानं तुरपाई.

मोरपंखी

आणि मुंढा? बिनबाह्यांच्या टॉपचा मुंढा नुसता दुमडून शिवला की काठ वर उचलला जातो आणि काखेत ओढल्यासारखं होतं.

कोकणकडा

मुंढा आणि गळा म्हणजे आत वळलेली गोलाई, सगळं उलटं. इथं कड आखूड असते आणि ती लांब रेघेवर पोचवायची असते. कापड कमी पडतं, म्हणून ओढतं. दुमडून शिवायचं असेल तर मायेला सरळ कातरे द्यावे लागतात आणि कातऱ्यांतून धागे सुटतात. म्हणून मुंढ्याला मी दुमड घालतच नाही, उरेब पट्टीच लावते. इथं पट्टी शिवताना जरा ताणून धरायची, विशेषतः काखेच्या खालच्या खोल भागात. सैल लावली तर पट्टीची मोकळी कड उभी राहते आणि मुंढा पोकळ दिसतो. खांद्याजवळ, जिथं मुंढा जवळजवळ सरळ असतो, तिथं मुळीच ताणायचं नाही.

कातरे इथं तिकोनी नकोत, सरळ हवेत. टिपेच्या एक-दोन धागे अलीकडे थांबायचं. गळ्यालाही हेच.

सुईदोरा

कोकणकडा, इतकं नेमकं लिहिलंस! "बाहेरच्या गोलाईला तिकोनी, आतल्या गोलाईला सरळ" हे प्रत्येकीनं मशिनजवळ चिकटवून ठेवावं. एक भर घालते. हे कातरे पट्टी लावून उलटताना द्यायचे. दुहेरी दुमड घालताना मायेला कातरे देऊ नका, दुमडीच्या आत ते कमजोर जागा होऊन बसतात.

पाऊलवाट

मी शिकाऊ आहे, आयटीआयमध्ये शिवणकामाचा वर्षाचा कोर्स करते आहे. आम्हाला सरांनी सांगितलं की गोल स्कर्ट शिवून झाल्यावर लगेच दुमड घालायची नाही, लटकवून ठेवायचा. वर तुम्ही हे लिहिलं नाही. आवश्यक आहे का? परीक्षेत तर वेळच नसतो.

सुईदोरा

तुझे सर बरोबर सांगतात आणि हे मीच लिहायला हवं होतं, इतकं महत्त्वाचं आहे.

पूर्ण गोल घेरात काही जागी उभा धागा खाली येतो, काही जागी आडवा, आणि त्यांच्या मधल्या चार जागी तिरका. तिरक्या जागा स्वतःच्या वजनानं खाली उतरतात. सुती कापडात थोड्या, क्रेप, रेयॉन, जॉर्जेटमध्ये चांगल्याच. आज मोजून दुमड घातली तर काही दिवसांत चार ठिकाणी घेर लोंबतो आणि दोष दुमडीवर येतो. म्हणून कंबरपट्टी लावून झाली की क्लिपांच्या हँगरला निदान एक रात्र, जड कापड असेल तर पूर्ण दिवस लटकवायचा. कापड कापण्याआधी पाण्यातून काढलेलं असावं हे वेगळं सांगायला नको. सुती आणि रेयॉन दोन्ही आटतात.

मग काठ जमिनीपासून मोजायचा, कमरेपासून नाही. घालणारीनं नेहमीच्या चपला घालून सरळ उभं राहायचं, हात बाजूला, मान खाली घालायची नाही. दुसरीनं लाकडी पट्टी जमिनीवर उभी धरून भोवती फिरत तीन-चार इंचांवर खडूच्या खुणा करायच्या. घरात मदतीला कोणी नसेल तर दाराच्या चौकटीत हव्या त्या उंचीवर दोरी ताणून बांधायची, तिला खडू घासायचा आणि दोरीला घेर लावत हळूहळू गोल फिरायचं. खुणा आपोआप उमटतात. त्या जोडून रेघ सुबक करायची आणि खाली अर्धा इंच माया ठेवून कापायचं.

परीक्षेत वेळ नसेल तर उभ्या-आडव्या धाग्याचं कापड घट्ट विणीचं निवड, केंब्रिक किंवा पॉपलीन. ते कमी उतरतं.

हिमरेषा

मी कॅनडात आहे. इथं पाण्यात विरघळणारी चिकट फीत मिळते, अगदी बारीक, एका सुताच्या मापाची. पहिली दुमड तिनं चिकटवायची, टीप मारायची, धुतली की फीत नाहीशी. शिफॉनला वरदान आहे. भारतात मिळते का माहीत नाही, ऑनलाइन बघा. नाहीतर शिफॉनला आधी खळ द्या. स्प्रेवाला स्टार्च चालतो. कापड कागदासारखं कडक झालं की कापतानाही सरकत नाही.

काजबटण

खळ उत्तम. सुती मलमलीला तांदळाच्या पेजेची पातळ खळ द्यावी, अर्धवट वाळवून ओलसर असतानाच इस्त्री करावी. पॉलिएस्टर जॉर्जेटला पेज धरत नाही, तिथं खाली पातळ कोरा कागद ठेवून टीप मारा आणि नंतर कागद फाडून काढा. वर्तमानपत्र वापरू नका, शाई लागते. आणि सुई बदला. मशिनला बहुतेक वेळा १६ नंबरची सुई लावलेली असते आणि तीच वर्षभर चालते. मलमल-शिफॉनला ११ किंवा ९ नंबर हवी. जाड सुई पातळ कापडात धागा ओढते आणि प्रत्येक टाक्यापाशी सुरकुती येते. ती सुरकुती गोलाईची नसतेच मुळी.

गव्हाळ

लोकरीच्या कापडाचा घेरदार कोट शिवते आहे. कापड जाड आहे, तीन टिपांची बारीक दुमड शोभणार नाही. दीड इंच तरी दुमड हवी. वरच्या हिशेबानं तर अशक्यच दिसतंय.

सुईदोरा

अशक्य नाही. तुझा घेर पूर्ण गोल नसणार, कोटाच्या घेराला गोलाई बेतानं असते. आणि लोकर इतर कापडांपेक्षा वाफेनं खूप जास्त आकसते.

आधी कडेपासून पाव इंचावर मशिनवरचा सगळ्यात मोठा टाका लावून, वरच्या दोऱ्याचा ताण सैल करून टीप मार. घेर शिवणीशिवणींत वाटून घे, एकाच वेळी सगळा घेर ओढू नकोस. दुमड वर उचलून आधी शिवणी जुळव, टाच. मग प्रत्येक भागात बॉबिनचा दोरा सुईच्या टोकानं उचलून थोडा थोडा ओढ, कड आतल्या कापडावर सपाट येईपर्यंत. चुण्या दिसतील, घाबरू नकोस. दुमड आणि कोट यांच्यामध्ये जाड कागदाची पट्टी सरकव, म्हणजे चुण्यांचा ठसा सुलट बाजूला उमटणार नाही. ओलं सुती फडकं पसर, इस्त्री वर धरून वाफ जिरू दे, मग दाब. दोन-तीनदा केल्यावर चुण्या जिरून जातात. हात लावून बघ, कड सपाट लागेल. पूर्ण गार होईपर्यंत कोट उचलू नकोस. मग कडेवर पातळ उरेब पट्टी आणि हातानं तुरपाई, टाके ओढायचे नाहीत, वरच्या कापडाचे एक-दोनच धागे उचलायचे.

सुती आणि लिननमध्येही ही रीत चालते, पण लोकरीइतकी जिरत नाही. पॉलिएस्टरमध्ये जवळजवळ नाहीच, तिथं वाफेनं काही आकसत नाही, इस्त्री गरम ठेवली तर कापड मात्र चमकतं.

बटवा

बाहीला आणि ओढणीला स्कॅलप हवेत. दोन अर्धगोल जिथं मिळतात तिथली खाच प्रत्येक वेळी चुरगळते.

कोकणकडा

स्कॅलपला दुमड नाहीच, त्याच आकाराची आतली पट्टी किंवा अख्खं अस्तर. आकार कापडावर कापू नका, फक्त आखा. दोन थर सुलटला सुलट ठेवून आखलेल्या रेघेवर टीप मारा, टाका बारीक, दीड मिलिमीटरचा. खाचेच्या टोकाशी सुई खाली ठेवून वळायचं, एक टाका आडवा घ्यायचा, पुन्हा वळायचं. त्या एका आडव्या टाक्यामुळे उलटल्यावर खाच मोकळी बसते. टोकदार खाच ठेवलीत तर ती ओढणारच. नंतर माया एक सूत ठेवून कापा, गोलाईत तिकोनी कातरे आणि खाचेत थेट टाक्यापर्यंत सरळ कातरा. इथं एक धागा अलीकडे थांबलात तरी चुरगळतं. उलटल्यावर बोथट काडीनं गोलाई बाहेर काढा, कात्रीच्या टोकानं नको.

मोरपंखी

मुंढ्याची पट्टी आज लावून बघितली, काखेत ताणून, खांद्याजवळ सैल. बसला! या धाग्याला मनापासून धन्यवाद. अजून एक: चांगली सुती उरेब पट्टी तयार मिळते का कुठं?

काजबटण

पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीच्या बाजूला, मुंबईत भुलेश्वरला शिवणसामानाच्या दुकानांत मिळते. घेताना ताणून बघा. तयार पट्टीत बरेचदा पॉलिएस्टर मिसळलेलं असतं, तशी पट्टी वाफेनं वळत नाही. सरळ घेराला चालेल, गोलाईला घरची बरी.

रानजाई

काठ उसवला, ओलं कापड ठेवून वाफ दिली, बराच आकसला. आता तीन टिपांची दुमड घालते आहे. शेवटचा प्रश्न: माझी भाची सहा वर्षांची आहे, तिला गोल घेराचा परकर हवाय. वाढीसाठी लांबी कुठं ठेवू? चार इंची दुमड तर बसणार नाही हे कळलं.

सुईदोरा

वर ठेव, कमरेत. परकराला वेगळी कंबरपट्टी न लावता, वरच्या बाजूला तीन-चार इंचांचं योक सरळ कापडाचं घे, दुहेरी. योकच्या आत, अस्तराच्या बाजूला, अर्ध्या-पाऊण इंचाच्या दोन आडव्या टका (टीप मारून धरलेल्या घड्या) घालून ठेव, मोठ्या टाक्यानं. योक सरळ असल्यानं टका सपाट बसतात. मुलगी उंच झाली की एकेक टक उसवायची, प्रत्येक टकेमागं तिच्या रुंदीच्या दुप्पट लांबी सुटते. खालच्या काठाला हात लावायची गरज नाही. कमरेत इलॅस्टिक घाल आणि त्याचं टोक शिवणीत पक्कं न करता बटणावर ठेव, म्हणजे तेही वाढवता येईल. कापड आधी पाण्यातून काढायला विसरू नकोस, नाहीतर पहिली टक आटण्यातच जाईल.